थायरॉईड कमी पडत असेल तर: निदानापासून योग्य डोसपर्यंत

थायरॉईडची गोळी सुरू होऊन वर्षे लोटली तरी थकवा जात नाही, रिपोर्ट कधी वर तर कधी खाली येतो आणि प्रत्येक भेटीत डोस बदलतो, अशी तक्रार करणारे रुग्ण पुष्कळ भेटतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या गोळीत काहीच दोष नसतो. गोळी कशी घेतली, रक्त केव्हा तपासले आणि रिपोर्ट कसा वाचला, या तीन ठिकाणी उपचार घसरलेला असतो. मी स्वतः गेली अनेक वर्षे ही गोळी घेत आहे आणि त्यातला सुरुवातीचा बराच काळ याच चुकांत गेला, म्हणून हा लेख मुद्दाम तपशिलात शिरून लिहिला आहे. डोस ठरवण्याचे काम डॉक्टरांचेच आहे. मात्र त्यांच्यासमोर पुरी माहिती ठेवणे आणि ठरलेली गोळी नीट घेणे हे आपल्या हातातले काम आहे.

निदान पक्के करून घ्यावे

मानेच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते. रोजच्या बोलण्यात आपण तिलाच थायरॉईड म्हणतो. ती मुख्यतः टी४ म्हणजे थायरॉक्सिन आणि थोड्या प्रमाणात टी३ ही संप्रेरके तयार करते. टी४ हा एक प्रकारचा साठा असतो. शरीर गरजेप्रमाणे त्याचे टी३मध्ये रूपांतर करते आणि पेशींमधले प्रत्यक्ष काम बहुतांशी टी३ करते. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी या संप्रेरकांच्या पातळीवर लक्ष ठेवून असते आणि ती कमी पडू लागली की टीएसएच हे स्वतःचे संप्रेरक अधिक सोडून थायरॉईडला कामाला लावते. त्यामुळे थायरॉईडचे काम कमी झाले की टीएसएच वाढलेले दिसते. हे उलटे गणित नव्या रुग्णाला हमखास गोंधळात टाकते. ‘आकडा वाढला म्हणजे गोळी जास्त झाली’ असे समजून ती स्वतःच बंद करणारी माणसे मी पाहिली आहेत.

सततचा थकवा, इतरांपेक्षा जास्त थंडी वाजणे, कोरडी त्वचा, केस गळणे, बद्धकोष्ठता, चेहऱ्यावर सूज, घोगरा आवाज, पाळीत जास्त रक्तस्राव, मंद नाडी, विसराळूपणा, उदासी ही या आजाराची नेहमीची लक्षणे आहेत. यातले एकही लक्षण केवळ थायरॉईडचेच असते असे नाही, त्यामुळे लक्षणांवरून निदान होत नाही. रक्ताची तपासणी लागतेच.

सुरुवातीला टीएसएच पुरेसे असते आणि ते वाढलेले आढळल्यास सोबत फ्री टी४, म्हणजे रक्तात मोकळे असलेले टी४, पाहिले जाते. बहुतेक प्रयोगशाळांमध्ये प्रौढांसाठी टीएसएचची सामान्य मर्यादा साधारण ०.४ ते ४ मिलीयुनिट प्रति लिटर अशी असते. प्रत्येक प्रयोगशाळेचे आकडे थोडे वेगळे असतात आणि उतारवयात टीएसएच थोडे जास्त असणे स्वाभाविक असते. टीएसएच वाढलेले आणि फ्री टी४ कमी असेल तर हायपोथायरॉइडिझमचे, म्हणजे थायरॉईड कमी पडण्याचे, निदान स्पष्ट होते. टीएसएच किंचित वाढलेले पण फ्री टी४ व्यवस्थित असेल, तर त्याला सुप्त किंवा सबक्लिनिकल अवस्था म्हणतात आणि अशा वेळी घाईने गोळी सुरू करण्याऐवजी दोन ते तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करणे शहाणपणाचे असते, कारण पुष्कळदा आकडा आपोआप खाली येतो. आकडा सतत १०च्या वर राहिला तर बहुतेक डॉक्टर उपचार सुरू करतात. त्याखाली असेल तर वय, लक्षणे, अँटी-टीपीओ (थायरॉईडवर उलटणारी) प्रतिपिंडे आणि गर्भधारणेचा विचार पाहून निर्णय घेतला जातो. पासष्ट वर्षांवरील ७३७ रुग्णांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘ट्रस्ट’ नावाचा अभ्यास येथे लक्षात ठेवण्यासारखा आहे: सुप्त अवस्थेतल्या या ज्येष्ठांना गोळी दिल्याने आकडा सुधारला, पण त्यांच्या थकव्यात किंवा इतर लक्षणांत खास फरक पडला नाही.

आकडाच चुकीचा येण्याची काही कारणे असतात आणि ती रुग्णानेच सांगावी लागतात. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर काही तपासणी यंत्रांत टीएसएच खोटेच कमी आणि फ्री टी४ खोटेच जास्त दिसते. म्हणून तपासणीपूर्वी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात. मोठ्या आजारपणात किंवा त्यातून उठताना टीएसएच तात्पुरते बदलते, त्यामुळे तेव्हाच्या रिपोर्टवरून आयुष्यभराचे निदान करू नये. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त, तर दुपारी कमी असते. दोन रिपोर्टची तुलना करायची असेल तर दोन्ही वेळा रक्त साधारण एकाच वेळी आणि शक्यतो एकाच प्रयोगशाळेत द्यावे.

कारण शोधण्यासाठी अँटी-टीपीओ ही तपासणी एकदा केली की पुरे. ती वाढलेली असेल तर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर हल्ला करत असते. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून तो हाशिमोतो थायरॉयडायटिस (थायरॉईडचा दाह) या नावाने ओळखला जातो. ही प्रतिपिंडे दर वर्षी मोजून उपचारात काही बदल होत नाही. मानेत गाठ लागत नसेल तर सोनोग्राफीचीही गरज नसते. ग्रंथीची शस्त्रक्रिया, रेडिओॲक्टिव्ह आयोडीनचा उपचार, लिथियम आणि अमिओडेरोन ही औषधे, आहारातील आयोडीनची कमतरता ही इतर कारणे आहेत. प्रसूतीनंतरच्या वर्षात येणारा थायरॉयडायटिस बऱ्याच जणींमध्ये आपोआप निवळतो, त्यामुळे तेव्हा सुरू झालेली गोळी कायमची आहे का, हे वर्षभराने अवश्य विचारावे.

क्वचित दोष थायरॉईडमध्ये नसून पियूषिका ग्रंथीत असतो. अशा रुग्णाचे फ्री टी४ कमी असते, पण टीएसएच सामान्य किंवा कमी दिसते, आणि फक्त टीएसएच पाहिले तर आजार नजरेतून निसटतो. या रुग्णांचा डोसही पुढे फ्री टी४ पाहूनच ठरवावा लागतो.

सुरुवातीचा डोस

उपचाराचे औषध एकच आहे: लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे आपल्याच ग्रंथीत तयार होणारे टी४, कृत्रिमरीत्या बनवलेले. आयुष्यभर गोळी घ्यावी लागणार हे ऐकून पुष्कळांचा जीव दडपतो. त्यांना मला जॉर्ज मरे या इंग्रज डॉक्टरांची हकिकत सांगावीशी वाटते. त्यांनी १८९१ मध्ये या आजाराने खंगलेल्या ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडच्या अर्काची इंजेक्शने द्यायला सुरुवात केली आणि त्या उपचारावर ती आणखी २८ वर्षे जगली. शरीरात जे कमी पडते तेच भरून देणारा उपचार तेव्हापासून चालत आला आहे. आज तो मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने मोजून देता येतो, एवढाच फरक आहे.

ग्रंथीचे काम जवळजवळ थांबलेले असेल तर प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतात. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला साधारण १०० मायक्रोग्रॅम. ग्रंथी अजून थोडे काम करत असेल तर कमी पुरते. तरुण आणि अन्यथा निरोगी रुग्णाला पूर्ण किंवा त्याच्या जवळपासचा डोस थेट सुरू करता येतो. उतारवयात किंवा हृदयविकार असल्यास मात्र १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमने सुरुवात करून दर काही आठवड्यांनी तो वाढवतात, कारण मंदावलेल्या हृदयावर एकदम भार टाकणे धोक्याचे असते. छातीत दुखणे, चालताना धाप लागणे, पूर्वी झालेली अँजिओप्लास्टी यांपैकी काहीही असेल तर पहिल्याच भेटीत सांगावे. त्याचबरोबर वजन घटणे, उभे राहिल्यावर चक्कर येणे, त्वचा काळवंडणे, रक्तदाब कमी राहणे ही लक्षणे असतील तर तीही सांगावीत. मूत्रपिंडांवरची ॲड्रिनल ग्रंथी कमी काम करत असेल तर तिचा उपचार आधी सुरू करावा लागतो, नाहीतर थायरॉईडच्या गोळीनेच प्रकृती गंभीर होऊ शकते.

गोळी घेण्याची पद्धत

गोळी रिकाम्या पोटी, फक्त पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर ३० ते ६० मिनिटे काही खाऊ-पिऊ नये. कॉफीनेही तिचे शोषण घटते, म्हणून कॉफीचा पहिला कपसुद्धा त्या वेळेनंतरच घ्यावा. सकाळी हे जमत नसेल तर रात्री झोपताना, शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी घेतली तरी चालते; नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर रात्री गोळी घेणाऱ्यांचे आकडे अधिक चांगले आले होते. माझ्या मते वेळेपेक्षा नेम महत्त्वाचा आहे. आज पहाटे, उद्या न्याहारीनंतर आणि परवा रात्री असे केल्यास कोणताही डोस स्थिर बसत नाही.

कॅल्शियम, लोह, आम्लपित्तावरच्या ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमयुक्त गोळ्या आणि कोलेस्टिरॅमिन ही औषधे गोळीला आतड्यातच अडकवून ठेवतात. त्यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे. याच ठिकाणी माझे स्वतःचे नुकसान झाले. माझ्याकडे आठवड्याच्या सात खणांची गोळ्यांची डबी होती आणि दर रविवारी रात्री मी प्रत्येक खणात थायरॉईडची पांढरी गोळी आणि तिच्या शेजारी कॅल्शियमची जाडजूड गोळी बसवत असे. सकाळी दोन्ही एकाच घोटात जात. डोस ७५ वरून १००, मग १२५ झाला, तरी टीएसएच ९च्या आसपासच घुटमळत राहिले. शेवटी एका डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्या आणायला सांगितल्या, ती डबी उघडून सोमवारचा खण बोटाने दाखवला आणि विचारले, “या दोन्ही एकदम घेता?” कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणानंतर गेली आणि पुढे डोस पुन्हा १००वर आणावा लागला. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी बरोबर न्यावी. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीतही लोह आणि कॅल्शियम असते, हे आपण सहसा विसरतो.

पोटातले आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोलसारख्या गोळ्या रोजच्या चालू असतील तर चार तासांच्या अंतराने भागत नाही. कधी डोसच वाढवावा लागतो. इस्ट्रोजेनच्या गोळ्या, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि रिफॅम्पिसिन यांनीही गरज वाढते. सोयाबीनचे पदार्थ आणि तंतुमय आहार वर्ज्य नाहीत, मात्र त्यांचे प्रमाण एकदम वाढवू किंवा घटवू नये. डोस वाढवत नेऊनही परिणाम दिसत नसेल तर सीलिॲक आजार (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला होणारी इजा) किंवा जठराचा जुना विकार आहे का, हे तपासून घ्यावे.

गोळी पट्टीतच, ऊन, उष्णता आणि दमटपणा यांपासून दूर ठेवावी. न्हाणीघरातले कपाट किंवा शेगडीजवळचा कप्पा तिच्यासाठी वाईट जागा आहे. कंपनी शक्यतो बदलू नये आणि बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहावे. एखादे दिवशी गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर पोट रिकामे असताना घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन घ्यायच्या की एकच, हे प्रकृतीवर अवलंबून असल्यामुळे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

सहा आठवडे थांबावे

टी४ रक्तात फार सावकाश साठते आणि सावकाश उतरते; त्याचे अर्धे प्रमाण संपायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे नवा डोस पूर्णपणे बसायला पाच ते सहा आठवडे जातात आणि पियूषिका ग्रंथीला त्याची नोंद घ्यायला आणखी थोडा वेळ लागतो. पंधरा दिवसांत केलेली टीएसएच तपासणी जुन्या आणि नव्या डोसमधली कुठलीतरी अवस्था दाखवते. तिच्यावरून डोस बदलला की पुढची तपासणीही चुकते आणि रुग्ण वर्षभर वरखाली हेलकावे खात राहतो. प्रत्येक बदलानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, आणि ते जागेवर आल्यावर सहा ते बारा महिन्यांनी, हा क्रम पाळावा. टी४मध्ये थोडासा फरक पडला तरी टीएसएच अनेक पटींनी हलते, म्हणून २.१ वरून २.९ झाले या कारणाने डोस बदलण्याची गरज नसते.

फ्री टी४ तपासायचे असेल तर त्या सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी, कारण गोळीनंतर काही तास त्याचे प्रमाण वाढलेले असते. महिनाभर अधूनमधून गोळ्या चुकवून तपासणीच्या आधीचे चार दिवस न चुकता घेतल्या, तर फ्री टी४ उत्तम आणि टीएसएच मात्र वाढलेले, असा रिपोर्ट येतो. जाणत्या डॉक्टरांना तो लगेच उमगतो. चुकलेल्या गोळ्या मोकळेपणाने सांगाव्यात, नाहीतर शिक्षा म्हणून नव्हे पण परिणाम म्हणून नको तेवढा डोस पदरात पडतो.

जास्त डोसही निरुपद्रवी नसतो. धडधड, हात थरथरणे, झोप उडणे, घाम येणे ही त्याची लक्षणे. दीर्घकाळ टीएसएच फार खाली राहिले तर हृदयाची लय बिघडते आणि हाडे ठिसूळ होतात, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये आणि ज्येष्ठांमध्ये. वजन उतरवण्यासाठी ही गोळी वाढवून घेणे धोक्याचे आहे. या आजारामुळे वाढलेले वजन बहुधा दोन ते साडेचार किलोंच्या आसपास असते आणि त्यात बराच वाटा अंगात साठलेल्या पाण्याचा व मिठाचा असतो. त्याहून जास्त वाढीची कारणे वेगळी शोधावी लागतात. सागरी शेवाळाच्या किंवा आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत, हाशिमोतोच्या रुग्णात त्या ग्रंथीला आणखी बसवतात.

गर्भारपण आणि नवजात बाळ

येथे थांबण्याचा नियम लागू होत नाही. पहिल्या तिमाहीत बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते आणि त्याच्या मेंदूची वाढ आईच्या टी४वर अवलंबून असते. गर्भधारणेचा विचार असेल तेव्हाच टीएसएच २.५ च्या खाली आणून ठेवावे. पाळी चुकून चाचणी होकारार्थी आली की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. अशा वेळी डोस साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढवतात आणि त्याची सोपी रीत म्हणजे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या. हे आधीच बोलून ठेवले असेल तर भेटीची वेळ मिळेपर्यंतचे दिवस वाया जात नाहीत. गर्भारपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी आणि पुढे तिसाव्या आठवड्याच्या सुमारास टीएसएच पाहावे. प्रसूतीनंतर डोस पूर्वीच्या पातळीवर आणून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावे. स्तनपान चालू असताना ही गोळी सुरक्षित आहे.

दर दोन ते चार हजार नवजात बाळांमागे एकाला जन्मतःच हा आजार असतो. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर बुद्धीचे नुकसान टळते, म्हणून जन्मानंतरच्या दिवसांत होणारी टाचेच्या रक्ताची तपासणी झाली का आणि तिचा निकाल काय आला, हे पालकांनी स्वतः विचारून घ्यावे.

आकडा बरोबर, पण बरे वाटत नाही

टीएसएच मर्यादेत असूनही साधारण पाच ते दहा टक्के रुग्णांना पूर्वीसारखे वाटत नाही. त्यांचे म्हणणे खरे असते आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर त्यांची बोळवण होऊ नये. पहिल्यांदा हे पाहावे की टीएसएच जागेवर येऊन किती काळ झाला. त्वचा, केस आणि मन यांना सावरायला आकड्यापेक्षा काही महिने जास्त लागतात. त्यानंतर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, साखर यांची तपासणी करावी. झोपेत घोरणे आणि श्वास अडकणे, नैराश्य, पाळी जाण्याच्या वयातले बदल यांचाही शांतपणे विचार करावा. हाशिमोतोच्या रुग्णांत सीलिॲक आजार आणि बी१२ची कमतरता इतरांपेक्षा जास्त आढळते. कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू दुखत असतील तर थायरॉईडचा डोस आधी नीट बसवून मग ती गोळी पुन्हा तपासावी, कारण अपुरा उपचार झालेल्या रुग्णात हा त्रास जास्त होतो.

एक प्रसंग मात्र वाट पाहण्याचा नाही. दीर्घकाळ गोळी बंद असलेल्या रुग्णाला, विशेषतः ज्येष्ठाला, गुंगी येऊ लागली, बोलण्यात विसंगती आली, अंग थंड पडले आणि श्वास मंदावला तर तत्काळ रुग्णालयात न्यावे. ही प्राणघातक अवस्था असते आणि बहुधा एखादा जंतुसंसर्ग किंवा थंडी तिला निमित्त होते.

वरचे सर्व तपासून झाले आणि तरीही त्रास उरला, तर टी४च्या जोडीला टी३, म्हणजे लायोथायरोनिन, देऊन पाहावे का, हा प्रश्न अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांसमोर मांडता येतो. एकत्रित उपचार सरसकट श्रेष्ठ असल्याचे आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही, तरी काही रुग्णांना त्याने बरे वाटते. टी३चा परिणाम सुमारे एका दिवसात उतरतो, त्यामुळे ते दिवसातून दोनदा विभागून द्यावे लागते; गर्भारपणात आणि हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णांत ते टाळतात. असा प्रयोग करायचा ठरल्यास सुरू करण्यापूर्वीच वहीत आपली तीन-चार मुख्य लक्षणे आणि त्यांची तीव्रता तारखेसह लिहून ठेवावी, त्या काळात दुसरे कोणतेही औषध बदलू नये, आणि तीन ते सहा महिन्यांनी त्या वहीत फरक दिसला नाही तर टी३ बंद करून पुन्हा एकट्या लेव्होथायरॉक्सिनवर परतावे.